ऑक्टोबरात नामांकित रिसीव्हर आणावा का?

ताई, नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला आहे. बफलो बिल्स ही आमच्या घरातली अमेरिकन फुटबॉलची टीम. 2025 च्या जानेवारीत कॅन्सस सिटीला आपण 32-29 असे हरलो तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: आपल्या क्वार्टरबॅकला, जॉश ॲलनला, एक मातब्बर, मुरलेला रिसीव्हर हवा. गेल्या वर्षी ऐन हंगामात अमारी कूपरला आणलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, पण तो इथे रमलाच नाही. यंदा, 2025 च्या ऑक्टोबरात, पुन्हा एखादा नाव कमावलेला माणूस मिळत असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीचा ड्राफ्ट पिक द्यायलाही हरकत नाही असं मला वाटतं. माझी सतरा वर्षांची मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही नाव विकत घ्यायला निघालाय." यावरून इतकं वाजलं की आता ती माझ्याशी बिल्सबद्दल बोलतच नाही. ॲलन 29 वर्षांचा झाला. त्याची उमेदीची वर्षं अशीच वाया जाणार का? टीमने काय करावं, आणि मी काय करावं?

– एक बिल्सप्रेमी बाप, रॉचेस्टर

दादा,

ॲलनच्या वर्षांची तुमची काळजी खरी आहे, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून सांगते. दुसऱ्या फेरीचा पिक देऊ नये. ऑक्टोबरात, तिशी ओलांडलेल्या रिसीव्हरसाठी तर मुळीच नाही. चौथ्या फेरीचा देता येईल, पण तो कधी आणि कोणासाठी याच्या अटी आहेत. त्या शेवटी सांगते.

ज्या वाचकांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर पुढे पळत जाऊन तो झेलतो. एनएफएल या तिथल्या मुख्य लीगमध्ये खेळाडूच्या बदल्यात सहसा रोख रक्कम देत नाहीत, पुढच्या ड्राफ्टमधला आपला हक्क देतात. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात. त्यात कॉलेजमधून आलेला मुलगा निवडता येतो आणि तो चार वर्षं कमी पगारात तुमच्याकडे राहतो. म्हणजे पिक देणं याचा अर्थ उद्याचा एक स्वस्त, तरुण खेळाडू देऊन टाकणं.

आता 15 ऑक्टोबर 2024 हा दिवस आठवा. आदल्या रात्री बिल्सनी न्यू जर्सीत जेट्सना 23-20 हरवलं होतं. आपण 4-2 (चार विजय, दोन पराभव), ते 2-4. आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही संघांनी एकेक नामवंत रिसीव्हर आणला. जेट्सनी लास व्हेगास रेडर्सकडून डॅव्हांटे ॲडम्स घेतला, बिल्सनी क्लीव्हलंड ब्राउन्सकडून अमारी कूपर. ॲडम्स 31 वर्षांचा, कूपर 30 चा. किंमतही जवळपास एकच, तिसऱ्या फेरीचा पिक. थोडी इकडची तिकडची देवघेव वगळली तर सौदा सारखाच. एकाच दिवशी, एकाच गटातल्या दोन संघांनी एकाच भावाने केलेली अशी खरेदी सहसा बघायला मिळत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ॲडम्सने जेट्ससाठी 11 सामन्यांत 67 झेल घेतले, 854 यार्ड कमावले, 7 टचडाउन केले, म्हणजे सात वेळा मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात (एन्ड झोनमध्ये) चेंडू पोहोचवला. हे आकडे पहिल्या प्रतीचे आहेत. त्याचं कारणही स्पष्ट आहे. जेट्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स होता आणि ग्रीन बेमध्ये हे दोघे आठ हंगाम एकत्र खेळले होते. रॉजर्सने नुसती मान हलवली तरी ॲडम्सला कुठे वळायचं ते कळायचं. एवढं असून जेट्स त्या 11 पैकी तीनच सामने जिंकले आणि 5-12 वर संपले. मार्चमध्ये त्यांनी ॲडम्सला सोडून दिलं, तो लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. पिक गेला, माणूसही गेला.

कूपरचे आकडे त्याच्यापुढे अगदीच लहान: 8 सामने, 20 झेल, 297 यार्ड, 2 टचडाउन. मधे मनगट दुखावलं, काही सामने बाहेर बसावं लागलं. पण बिल्स तो आल्यानंतर 9 सामने जिंकले आणि दोन हरले, 13-4 वर संपले, एएफसीच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेले. ॲलन त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

म्हणून काय कूपरचा सौदा जास्त यशस्वी झाला? नाही. बिल्स कूपरशिवायही जिंकतच होते. आणि ॲडम्स अपयशी ठरला असंही म्हणता येत नाही, त्याने त्याचं काम चोख केलं. यातून मला दिसतं ते इतकंच: हरणाऱ्या संघाला रिसीव्हर वर काढू शकत नाही, आणि जिंकणाऱ्या संघात उशिरा आलेल्या रिसीव्हरला जागा सापडायला वेळ लागतो. चेंडू त्याच्या हातात येण्याआधी पाच धिप्पाड लाइनमननी क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद उभं ठेवावं लागतं, क्वार्टरबॅकने बरोबर वाचावं लागतं, आणि मुळात सामन्यात तेवढी संधी यावी लागते. रिसीव्हर या साखळीचं शेवटचं टोक आहे. टोक कितीही मजबूत असलं तरी मधली कडी तुटली की उपयोग नाही.

तुम्ही लिहिता, कूपर रमला नाही. मला त्याच्याबद्दल एवढं कठोर व्हावंसं वाटत नाही. तुम्ही सांगलीचे, कबड्डी तुम्हाला सांगायला नको. चढाईपटू बाहेरून आणला तर तो पहिल्या दिवशीही गुण आणू शकतो, कारण समोरच्या अंगणात तो एकटाच असतो. पण कोपऱ्यातला गडी ज्याचा हात धरून उभा राहतो, त्याचं पाऊल कधी पुढे पडतं आणि तो कधी झेपावतो हे अंगात मुरायला महिने लागतात. लोकांना रिसीव्हर चढाईपटू वाटतो. प्रत्यक्षात तो हात धरून उभा असलेला गडी आहे. ॲलन चेंडू सोडतो तेव्हा रिसीव्हर अजून वळलेलासुद्धा नसतो. समोरचा बचाव प्रत्येकी एक असा उभा आहे की भाग वाटून, हे दोघांनी स्वतंत्रपणे ओळखायचं असतं, आणि ओळखून एकाच निष्कर्षाला यायचं असतं. एकाने रूट, म्हणजे पळायचा ठरलेला मार्ग, तोडला आणि दुसऱ्याने तो लांबवला जाईल असं धरलं, की चेंडू थेट बचावपटूच्या हातात. कूपर मंगळवारी आला आणि रविवारी, म्हणजे 20 ऑक्टोबरला, टेनेसी टायटन्सविरुद्ध मैदानात होता. त्यात त्याने एक टचडाउनही केला. ते अवघड होतं, आणि त्याने केलं. पण तो पाठ केलेला भाग होता. पुढचा, न सांगता समजण्याचा भाग जमायच्या आत मनगट गेलं.

आणि 1 डिसेंबरची ती बर्फातली रात्र तुम्ही विसरला नसाल. ऑर्चर्ड पार्कला, आपल्या मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध कूपरने झेल घेतला, बचावपटूंनी त्याला धरला, आणि पडता पडता त्याने चेंडू मागे ॲलनकडे टाकला. ॲलन तो घेऊन कोपऱ्यातून एन्ड झोनमध्ये घुसला. स्वतःच फेकलेल्या चेंडूवर स्वतःचाच टचडाउन! नव्या माणसाने इतकं भान दाखवणं ही मोठी गोष्ट आहे. कूपरबद्दल बोलताना आपण बिल्सवाल्यांनी ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

याच कूपरची आणखी एक अदलाबदल बघण्यासारखी आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये ओकलंड रेडर्सनी त्याला डॅलस काउबॉइजना दिलं आणि त्याबदली चक्क पहिल्या फेरीचा पिक घेतला. सगळे म्हणाले, महाग पडला. डॅलस तेव्हा 3-4 वर होतं. तो आल्यावर ते 9 पैकी 7 जिंकले आणि आपला गट त्यांनी जिंकला. कूपरचे त्या 9 सामन्यांत 53 झेल, 725 यार्ड आणि 6 टचडाउन. माणूस तोच, महिनाही तोच. मग फरक कशाने पडला? एक तर तेव्हा तो 24 वर्षांचा होता. दुसरं, त्याचा करार पुढच्या हंगामापर्यंत होता, म्हणजे डॅलसने दीड हंगाम विकत घेतला. 2024 मध्ये बिल्सना मिळाला तो जेमतेम अर्धा. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही: सौदा झाला तो डॅलसचा सुट्टीचा आठवडा होता. कूपरचा पहिला सामना थेट 5 नोव्हेंबरला आला. प्लेबुक, म्हणजे संघाच्या चालींची वही, घेऊन बसायला त्याला दोन आठवडे मिळाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

वयापेक्षा वेळ महत्त्वाची, हे मी रँडी मॉसवरूनही सांगेन. रेडर्सनी त्याला एप्रिल 2007 मध्ये न्यू इंग्लंडला दिला तो चौथ्या फेरीच्या पिकवर. तीस वर्षांचा, 'संपला' असं लोक म्हणत होते तो. त्याने त्या हंगामात 23 टचडाउन झेलले, जो आजही विक्रम आहे, आणि पेट्रियट्स साखळीत 16-0 राहिले. पण तो एप्रिलमध्ये आला होता. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीबरोबर अख्खा उन्हाळा त्याला मिळाला. तोच मॉस ऑक्टोबर 2010 मध्ये, हंगाम चालू असताना, तिसऱ्या फेरीच्या मोबदल्यात मिनेसोटाला गेला. चार सामन्यांत वायकिंग्जनी त्याला काढून टाकलं.

ऑक्टोबरातल्या खरेदीत एक चांगलं उदाहरण मात्र नक्की आहे, आणि ते तुमच्या बाजूने आहे. 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने डेन्व्हरकडून इमॅन्युएल सँडर्स घेतला, 32 वर्षांचा. पुढे 2021 मध्ये तो आपल्याकडेही खेळला. फोर्टीनाइनर्स त्या वेळी 6-0 होते. सँडर्सने 10 सामन्यांत 36 झेल आणि 502 यार्ड केले, न्यू ऑर्लिन्सविरुद्धचा 48-46 असा सामना जिंकण्यात त्याचा मोठा हात होता, आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला. म्हणजे होऊ शकतं. पण त्याच ऑक्टोबरात न्यू इंग्लंडने अटलांटाच्या मोहम्मद सानूसाठी दुसऱ्या फेरीचा पिक दिला, तुम्ही म्हणता तोच भाव. सानूला पंट (समोरच्या संघाने लाथेने दूर उडवलेला चेंडू) परत आणताना घोट्याला दुखापत झाली, 26 झेल आणि 207 यार्डांवर त्याचं पेट्रियट्सचं खातं बंद झालं, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांनी त्याला सोडला. 2021 मध्ये टेनेसीने हुलिओ जोन्ससारख्या थोर खेळाडूसाठी दुसऱ्या फेरीचा पिक दिला, तोही जूनमध्ये, म्हणजे वेळ भरपूर होता. पण त्याचे पाय साथ देईनात. 10 सामन्यांत एक टचडाउन, आणि मार्चमध्ये निरोप. दुसऱ्या फेरीत सहसा असा मुलगा मिळतो जो वर्षभरात पहिल्या अकरांत येतो. आपला जेम्स कुक दुसऱ्या फेरीतलाच आहे.

पैशांचं थोडक्यात. कूपर आला तेव्हा त्याच्या उरलेल्या पगारापोटी बिल्सना दहा लाख डॉलरही पडले नाहीत, कारण ब्राउन्सनी बहुतेक रक्कम आधीच बोनस म्हणून दिली होती. तिसऱ्या फेरीचा पिक गेला तो बऱ्याच अंशी त्यासाठी. याउलट आपला आधीचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज याला 2024 मध्ये ह्यूस्टनला पाठवल्यावर, त्याला आधीच दिलेले पण हिशोबात अजून न धरलेले 3 कोटी 10 लाख डॉलर त्या एका वर्षात बिल्सच्या सॅलरी कॅपवर, म्हणजे संघाच्या पगारांना लीगने घातलेल्या मर्यादेत, चढले, आणि कॅप होती 25 कोटी 54 लाखांची. एक माणूस खेळत नाही आणि आठवा हिस्सा त्याच्या नावावर! ॲलनचा नवा करार 33 कोटींचा आहे. त्याच्या भोवती स्वस्त तरुण पोरं उभी करण्यावाचून बिल्सना गत्यंतर नाही, आणि ती पोरं पिकमधूनच येतात.

डिग्जचा विषय निघालाच आहे तर त्याचं श्रेयही त्याला देऊ. मार्च 2020 मध्ये पहिल्या फेरीसकट चार पिक देऊन त्याला आणला, तो सौदा मी आजही योग्य मानते. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. पहिल्याच हंगामात 127 झेल आणि 1,535 यार्ड, दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक. ॲलन घडला त्यात त्याचा वाटा आहे. मिनेसोटाने आपल्याकडून मिळालेल्या त्याच 22 व्या पिकवर जस्टिन जेफरसन घेतला, म्हणून काही लोक हळहळतात. मला वाटतं, त्या सौद्यात दोन्ही घरं भरली.

आता तुम्हाला थोडं न आवडणारं. आपण कॅन्सस सिटी चीफ्सशी प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ॲलनच्या काळात चार वेळा हरलो: 38-24, 42-36, 27-24 आणि 32-29. या आकड्यांतला पहिला, म्हणजे त्यांच्या गुणांचा, आकडा चारही वेळा बघा. 42-36 च्या रात्री 13 सेकंद उरलेले असताना आपण पुढे होतो! गेल्या हंगामात, डिग्ज नसताना, बिल्सनी साखळीत 525 गुण केले. जानेवारीच्या त्या सामन्यात आपला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) ख्रिश्चन बेनफर्ड डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या काइर एलमच्या बाजूने चीफ्स खेळत राहिले. शेवटच्या चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) ब्लिट्झ आला, म्हणजे जादा बचावपटू अंगावर धावून आले, ॲलनने मागे मागे पळत चेंडू उंच टाकला आणि डाल्टन किंकेडच्या हातून तो निसटला, हे तुमच्या डोळ्यांपुढे आहे. माझ्याही आहे. पण तिथे कोणता तेहेतीस वर्षांचा रिसीव्हर उभा असता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, आणि दुसरा चांगला कॉर्नरबॅक बाकावर असता तर बराच फरक पडला असता हे बऱ्यापैकी सांगता येतं.

बिल्सचे जनरल मॅनेजर ब्रँडन बीन यांनाही तेच दिसलं असावं. यंदाच्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या पहिल्या पाचही निवडी बचावाच्या होत्या, त्यात पहिला कॉर्नरबॅक मॅक्सवेल हेअरस्टन. रिसीव्हर का घेतला नाही म्हणून स्थानिक रेडिओवर टीका झाली तेव्हा ते चिडून उत्तर देते झाले. त्यांचा सूर मला पटला नाही, गणित पटलं.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी सोडून देणार नाही. खालिल शकीर गेल्या वर्षी 76 झेल आणि 821 यार्डांसह आपला पहिला रिसीव्हर होता, आणि तो पाचव्या फेरीतून आलेला, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तो मधल्या भागात खेळतो. कडेला, रेषेजवळ, अंगावर येऊन धक्का देणाऱ्या कॉर्नरबॅकला एकट्याने चुकवून सुटणारा माणूस आपल्याकडे सिद्ध झालेला नाही. कीऑन कोलमनकडून ती अपेक्षा होती. 2024 मध्ये 28 वा पिक कॅन्सस सिटीला देऊन मागे सरकत सरकत 33 व्या जागी त्याला घेतला, आणि त्या 28 व्या पिकवर चीफ्सनी घेतलेल्या झेवियर वर्थीने जानेवारीत आपल्याविरुद्धच टचडाउन केला. हे सल मलाही आहे. कोलमनचे पहिल्या वर्षी 29 झेल आणि 556 यार्ड. म्हणजे झेलामागे 19 यार्डांच्या वर, ही खूण चांगली आहे. पण तो नियमित सुटतो का? मार्चमध्ये आणलेला जोशुआ पामर हे काम करेल का? याचं उत्तर ऑगस्टपर्यंत निम्मं मिळेल, सप्टेंबरात बाकीचं. त्याआधी घाई करण्यात अर्थ नाही.

अनुभवी माणूस नकोच, असं माझं म्हणणं नाही. बिल्सच्याच इतिहासात जेम्स लॉफ्टन आहे. 1989 मध्ये त्याला कोणी घेत नव्हतं, तो 33 चा होता. बिल्सनी त्याला घेतला, एकही पिक न देता. 1991 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, त्याने हजारांहून जास्त यार्ड कमावले, आणि ज्या संघाने सलग चार सुपर बोल गाठले त्याचा तो आधार होता. आणि 2009 मध्ये टेरेल ओवेन्स आला, त्याच्याहून मोठं नाव कुठलं? त्याने वाईट खेळ केला नाही, 829 यार्ड केले. बिल्स 6-10 राहिले. लॉफ्टनजवळ जिम केलीसारखा क्वार्टरबॅक होता, आणि शिकायला, मिसळायला वर्षं होती.

तुमच्या लेकीचं सांगते. ती बरोबर आहे, पण पूर्ण नाही. भावाबद्दल तिचं बरोबर, उणिवेबद्दल तुमचं. सतराव्या वर्षी जी मुलगी वडिलांना ड्राफ्ट पिकची किंमत समजावते ती टीमवर तुमच्याइतकाच जीव टाकते, आणि पुढच्या वर्षी ती कदाचित कॉलेजला दुसऱ्या गावी असेल. तेव्हा वाद कोण जिंकलं ते बाजूला ठेवून तिला आधी सांगा की तुझं म्हणणं मी नीट ऐकलं नव्हतं. हे मोठ्या माणसाने आधी म्हणायचं असतं. मग दोघं मिळून ट्रेनिंग कॅम्पला जा. तो जुलैच्या शेवटी सुरू होतोय, पिट्सफर्डला, सेंट जॉन फिशर विद्यापीठात, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चेंडूकडे बघू नका. कोलमन आणि पामर एकास एक सरावात बेनफर्डसमोर उभे राहतात तेव्हा पहिल्या तीन पावलांत सुटतात की अडकतात, एवढंच बघा आणि तिला मोजायला सांगा. ती जे मोजेल ते कुठल्याही तज्ज्ञाच्या अंदाजाइतकंच उपयोगी असेल, आणि तुम्हाला बोलायला विषय मिळेल.

आता अटी. सप्टेंबरात कडेची बाजू खरोखर बंद पडली, तर बिल्सनी खरेदी अदलाबदलीच्या 4 नोव्हेंबर 2025 च्या मुदतीपर्यंत ताणू नये. 13 ऑक्टोबरला सोमवारी अटलांटाशी सामना आहे, त्यानंतरचा आठवडा सुट्टीचा, आणि पुढचा सामना 26 तारखेला कॅरोलायनात. माणूस आणायचा तर 14 ऑक्टोबरलाच आणावा, म्हणजे 2018 च्या कूपरसारखे त्याला जवळजवळ दोन आठवडे मिळतील, आणि 2 नोव्हेंबरला चीफ्स ऑर्चर्ड पार्कला येतील तोवर एक सामना त्याच्या अंगाखालून गेलेला असेल. तो कडेला खेळणारा असावा. 2025 चे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक, जो ब्रेडी यांच्या हाताखाली किंवा त्यांच्यासारख्या पद्धतीत खेळलेला असेल तर उत्तम. त्या हंगामात पाय किंवा मांडीच्या दुखापतीने सामने चुकवलेले नसावेत. उरलेल्या पगाराचा मोठा भाग देणाऱ्या संघाने उचलावा, आणि तसा उचलला तरच चौथ्या फेरीचा पिक. नाही उचलला तर पाचव्याचा. आणि 14 ऑक्टोबरला बिल्स हरत असतील, 2-4 वगैरे, तर काहीच देऊ नये.